‘बाहेर’ म्हणजे कुणाच्या दारात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रांशी माझी ओळख सायकल आणि रेडिओ एवढीच. तरीही आज बॅटरीविषयी बोलणार आहे. कारण एका बॅटरीनं आमच्या घराची चार महिन्यांची झोप नेली.

माझा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. रोजचं जाणं-येणं आणि पेट्रोलचा खर्च यांचा हिशेब मांडून त्यानं पुण्याच्या एका गृहस्थांकडून वापरलेली इलेक्ट्रिक मोटार घेतली. गाडी आली त्या दिवशी गल्लीतली पोरं बॉनेटला कान लावून उभी होती. आवाजच नाही! बेगमनं पेढे वाटले. दीड वर्ष सुखात गेलं.

मग एके दिवशी त्या पुण्याच्या गृहस्थांनी मोबाइलवर एक निरोप पुढं पाठवला. कंपनीनं तो त्यांना महिनाभरापूर्वी धाडला होता. गाडी आमच्या नावावर झाली होती, पण कंपनीच्या वहीत नंबर जुन्या मालकाचाच राहिला होता. निरोप इंग्रजीत. मुलानं वाचून अर्थ सांगितला. तुमच्या वाहनाच्या बॅटरीत दोष असण्याची शक्यता आहे. तपासणी होईपर्यंत ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नये. रात्री, कुणाचं लक्ष नसताना चार्जिंगला लावू नये. वाहन बाहेर, इमारतीपासून दूर उभं करावं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

बेगमनं एकच प्रश्न विचारला, “मग महिनाभर आपण कशाच्या वर झोपत होतो?”

याला ‘रिकॉल’ म्हणतात. सदोष वाहन कंपनीनं परत बोलवायचं आणि फुकट दुरुस्त करून द्यायचं. आपल्याकडे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि असं वाहन परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी ते आहेत आणि सरकारला आदेश काढावा लागला तर दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

रिकॉल म्हणजे कंपनीची बेअब्रू असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. चूक झाली हे सांगणारा माणूस चूक दडपणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. ह्युंदाईनं डिसेंबर २०२० मध्ये भारतातल्या ४५६ कोना इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी बोलावल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सनं २०२१ मध्ये आपल्या सगळ्या शेवरले बोल्ट गाड्या परत मागवल्या. तो आकडा सुमारे एक लाख बेचाळीस हजारांचा होता. तिथल्या मालकांनाही हेच सांगितलं होतं : गाडी बाहेर ठेवा, रात्रभर चार्जिंगला लावू नका. नव्या बॅटऱ्या येईपर्यंत माणसांनी महिनोन् महिने असेच काढले.

दोष असतो तरी कसला? मुलानं मला समजेल अशा भाषेत सांगितलं. गाडीच्या बॅटरीत शेकडो लहान-मोठे सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारखा पातळ पडदा. लिथियमचे कण त्या पडद्यातून ये-जा करतात, पण पट्ट्या एकमेकींना भिडता कामा नयेत. बोल्ट गाड्यांच्या काही सेलमध्ये पट्टीचं टोक फाटलेलं होतं आणि पडद्याला घडी पडलेली होती. दोन्ही दोष एकाच सेलमध्ये आले की आगीचा धोका. पट्ट्या भिडल्या की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि आग एकातून दुसऱ्यात पसरत जाते. बॅटरी जितकी भरलेली, तितकी तिच्यात जाळायची ताकद जास्त. म्हणून ती ऐंशी-नव्वद टक्क्यांची मर्यादा. शिवाय अशी आग विझली असं वाटलं तरी आतली उष्णता तिला पुन्हा पेटवू शकते. अग्निशमन दलाचे जवान म्हणूनच बराच वेळ पाणी मारत राहतात.

ऐंशी टक्के पाळणं जमलं. मुलानं पुण्याच्या फेऱ्या बंद केल्या, जालन्याला एसटीनं जाऊ लागला. रात्रीचं चार्जिंग थांबवलं. सुटीच्या दिवशी दुपारी मी तक्क्याला टेकून पुस्तक वाचत गाडीची राखण करत असे. अडलं ते शेवटच्या सूचनेवर. वाहन बाहेर, इमारतीपासून दूर उभं करावं.

आमचं घर रोशन गेटच्या अलीकडं, जुन्या वस्तीत. खाली गाडी मावेल एवढा पोर्च, त्याच्या बाजूनं जिना, वर आम्ही सहा माणसं. गल्ली इतकी रुंद, की समोरच्या घरातल्या फोडणीला आमच्या घरात शिंक येते. हे ‘बाहेर’ आणायचं कुठून? ज्यानं ती सूचना लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर अंगण असलेला बंगला असणार.

शेवटी गाडी गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपलीकडं लावायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिथले एक बुजुर्ग, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, माझ्याकडं आले. म्हणाले, “शायरसाब, जलनेवाली चीज अपने घर से हटाके हमारे दरवाजे पे क्यूं लगाई?”

आयुष्यभर शब्दांत काढलेला माणूस मी, पण उत्तर सुचलं नाही. कारण प्रश्न खरा होता. दाट वस्तीत ‘बाहेर’ नावाची जागाच नसते. तुमचं बाहेर म्हणजे कुणाचं तरी दार. माझ्या लेकरांना वाचवण्यासाठी मी धोका उचलून त्यांच्या नातवंडांजवळ ठेवला होता आणि ते त्यांना सांगितलंही नव्हतं. मी माफी मागितली. मग मुलानं मालकाला विचारून, महिन्याचं भाडं ठरवून, दीड किलोमीटरवरच्या एका मोकळ्या प्लॉटवर गाडी ठेवली. रोज पहाटे तिथवर चालत जायचा.

श्रोतेहो, चाचांच्या त्या रागामागं आपल्या शहराची एक जखम होती. ३ एप्रिल २०२४ ची पहाट. रमजानचा महिना. छावणीच्या दाणा बाजारात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्यांत दोन लेकरं होती. सुरुवातीच्या बातम्यांत चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीवर संशय घेतला गेला. ठिणगी कशाचीही असो, ते घर आपल्या ओळखीचं आहे. खाली दुकान, वर घर. शहागंज असो, सिटी चौक असो, निम्मं जुनं शहर असंच राहतं. खाली आग लागली की वर आधी धूर पोचतो.

पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हे मला मान्य आहे. पण पेट्रोलची गाडी आपण रात्रभर जिन्याखाली भरत ठेवत नाही. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचं पोर भाजून गेलं. त्याच वर्षी २६ मार्चला पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली. त्यानंतर एप्रिलमध्ये ओलानं १,४४१ आणि ओकिनावानं ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. सरकारनंही बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

निकष आले, कायदा आला, हे चांगलंच. पण निरोप दारापर्यंत कसा पोचतो? गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली की निरोप पहिल्या मालकाकडं जातो. तो इंग्रजीत असतो. आणि ज्याच्या घराला अंगण नाही, त्यानं काय करावं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

मग मी एक काम केलं, मला येतं तेवढं. एका कागदावर मराठीत आणि एका कागदावर उर्दूत सूचना लिहिल्या आणि पिठाच्या गिरणीवर चिकटवल्या. वापरलेली गाडी घेतली असेल तर चेसिस क्रमांक सांगून कंपनीकडं चौकशी करा, आपला मोबाइल नंबर नोंदवा. जिन्यात, जिन्याखाली, दारात चार्जिंग करू नका. पळणारा माणूस तिथूनच पळणार आहे. सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. चार्जर कंपनीचाच वापरा. उन्हातून आलेली बॅटरी थंड होऊ द्या, आपल्याकडं मे महिन्यात रस्ताच तव्यासारखा असतो. बॅटरी फुगली, वेगळा वास आला, तर ती वापरू नका, दुकानात दाखवा. धूर दिसला तर सामान आवरत बसू नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

कविता वाचायला कधी कुणी थांबलं नाही, तो कागद वाचायला लोक थांबले. दळण घेऊन आलेल्या बाया मुलांकडून वाचून घेत होत्या. एका पोरानं विचारलं, “अंकल, हे तुमच्या पुस्तकातलं आहे का?”

चार महिन्यांनी बॅटरीचा सुटा भाग आला. सर्व्हिस सेंटरनं दोन दिवसांत तो बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. गाडी पुन्हा पोर्चमध्ये आली. खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस बेगम रात्री उठून खाली डोकावत होती. कागदावर दोष दुरुस्त झाला तरी मनातला पडदा सांधायला वेळ लागतो.

मी चाचांकडं सांगायला गेलो, की आता काळजीचं कारण उरलं नाही. चाचांनी मला आत नेलं आणि जिन्याखालची जागा दाखवली. तिथं त्यांच्या नातवाची बॅटरीवरची स्कूटर उभी असे, रोज रात्री चार्जिंगला. त्या स्कूटरविषयी कुणाचा निरोप आला नव्हता, पण गिरणीवरचा कागद चाचांनी वाचला होता. आता नातू संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर, सगळे जागे असताना चार्जिंग करतो आणि चाचा शेजारी तसबीह घेऊन बसतात.

जिन्याखाली आता फक्त चपला असतात. तुमच्या घरातही एकदा जिन्याखाली पाहून घ्या, एवढंच सांगायचं होतं.