पस्तीत देण्याआधी

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या वाचनालयाच्या खोलीला रंग द्यायचा आहे, तेव्हा एक कपाट रिकामे करून त्यातली पुस्तके पस्तीत द्यावीत, अशी सूचना आली आहे. कादंबऱ्या राहणार, जाणार ती इतिहासाची, खेळांची, चरित्रांची पुस्तके. ती कोणी नेत नाही, हे खरेच आहे. आम्ही तिघांनी दोन रविवार बसून ते कपाट लावले. आमच्यात साहित्याचे पदवीधर कोणी नाही, डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेली माणसे आम्ही. पण कचेरीत जुनी फाईल काढायची तरी तीन सह्या लागतात. इथे निदान आत काय आहे ते ऐकून घ्या.

पहिल्याच खणात व्यायाम ज्ञानकोश निघाला. मूळ खंड दहा, आपल्याकडे सातच आहेत. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात तो इथे, बडोद्यात, काढला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, हुतुतू, सगळे मराठीत. ज्या गावात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, तिथेच असा कोश व्हावा यात नवल नाही. नवल हे, की आपल्या पोरांना तो ठाऊक नाही.

खालच्या खणात क्रिकेट. मार्च १९४७, रणजी करंडकाची अंतिम लढत, बडोदे विरुद्ध होळकर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा! प्रथम श्रेणीतला हा विक्रम मोडायला २००६ साल उजाडले. हे पान आम्ही नववीतल्या एका मुलाला दिले. तो इंग्रजी शाळेत जातो, घरी मराठी बोलतो, वाचताना अडखळतो. कादंबरी दुसऱ्या पानावर मिटणारा हा मुलगा आकड्यांच्या ओढीने अख्खे प्रकरण वाचून गेला. जोडाक्षरांना अडला, तिथे आजीला विचारले.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'ही आहे. वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापले, पण फेरफार करून. मूळ प्रत दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली लोकांपुढे आली. आपली प्रत जुनी, वैद्यांची आहे. मूळ प्रतही आणायला हवी.

सगळेच जपावे असे आम्ही म्हणत नाही. पाच-सहा चरित्रे नुसती आरती ओवाळणारी आहेत, ती खुशाल जाऊ द्या. पण सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून वाचनालये उभी केली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. त्या बडोद्यात आपण ज्ञानकोश किलोने विकायचा?

आमची मागणी एवढीच. कपाट खोलीतून काढून सभागृहात, मुलांच्या हाताला येईल असे ठेवा. किल्ली आम्ही सांभाळू. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्यापैकी एक जण तिथे बसेल. आणि ज्ञानकोशाचे उरलेले तीन खंड कुणाच्या माळ्यावर असतील, तर दिवाळीच्या साफसफाईआधी आम्हाला कळवा. न्यायला आम्हीच येऊ.