वाळवी आणि भुंगा



शिरूर-दौंडकडे जुन्या घराचा वासा पोकळ निघाला, की आळ दोघांवर येतो. एक वाळवी; दुसरा तो काळाभोर, मोठ्याने गुणगुणणारा भुंगा. दोघेही लाकूड पोखरतात हे खरे. पण कशासाठी, हे पाहिले म्हणजे निवाडा वेगळा होतो.

वाळवी पोटासाठी पोखरते. वारूळ बांधणारी आपली वाळवी लाकूड, पाचट, काडीकचरा चावून घरात नेते आणि त्यावर चक्क बुरशीची शेती करते! पावसाळ्यात वारुळावर अळंबी येते, ती याच बुरशीची. (नागपंचमीला मान नागोबाचा, घर मात्र वाळवीने बांधलेले.) रानातला कचरा ती मातीत मिळवते, तेवढे श्रेय तिला देऊ. परंतु दौंडच्या भीमाकाठी उसाची लागण झाली आणि ओल कमी पडली, की ती टिपरीच्या कापलेल्या टोकांतून शिरते, गाभा खाते आणि आत माती भरते. डोळे फुटत नाहीत. मग बसा नांग्या भरत. कच्चे शेणखत घातले असेल तर तिला आमंत्रणच.

भुंगा लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकतो. हे काम मादीचे. बोटाएवढे गोल भोक पाडून आत भुशाच्याच भिंतींनी खण करायचे. दर खणात पराग आणि मध यांचा गोळा, त्यावर एक अंडे. ना राणी, ना पोळे. एकटीचा संसार! ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात लाकूड पोखरणारा भ्रमर आला आहे, म्हणजे ओळख जुनीच.

आता वांग्याचे फूल पाहा. त्याचे पराग केसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून झडावे लागतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. बाजरीतल्या तुरीलाही त्याचा उपयोग होतो.

तेव्हा औषध आणण्यापूर्वी वासा नीट पाहा. मातीच्या नळ्या दिसल्या, तर वाळवी. स्वच्छ गोल भोक आणि खाली भुसा, तर भुंगा. वाशाला तेलरंग दिला की तो सहसा दुसरी जागा शोधतो. तूर-वांगी फुलोऱ्यात असता फवारणी टाळावी. करणे भागच पडले, तर सायंकाळी करावी.

गुरुजी, बांबूची एका बाजूला पेर असलेली कांडी शाळेच्या पडवीत आडवी बांधा. मुलांना सांगा, नर डसत नाही, मादीही हातात धरल्याशिवाय सहसा डसत नाही. परतणाऱ्या मादीच्या अंगावरची पिवळी पूड त्यांना दुरून दिसेल.