अथांग सागरातील तेलविहीर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



तेलविहिरींच्या कामावर आयुष्य वेचलेल्या आम्हां अभियंत्यांना आपण येथे अगत्याने पाचारण केलेत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

समुद्रातील तेल म्हटले की आपणां मराठी माणसांना प्रथम ‘मुंबई हाय’ आठवते. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले, तेव्हा पाणी होते सुमारे ७५ मीटर, समुद्रतळावर पाय रोवून उभे राहता येत होते. पूर्वेकडील कृष्णा-गोदावरी खोऱ्याची गोष्ट निराळी. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा यांनी युगानुयुगे वाहून आणलेला गाळ तेथे समुद्राखाली थरांवर थर साचला आहे. या पूर्वेच्या समुद्रातच २०१३ साली एका ड्रिलशिपने ३,१६५ मीटर पाण्यात विहीर घेतली. तो त्या वेळी जागतिक उच्चांक होता.

इतक्या पाण्यात पाय टेकणार कोठे? जहाज तरंगतेच ठेवावे लागते. उपग्रह आणि समुद्रतळावरील ध्वनियंत्रे त्याचे स्थान क्षणोक्षणी सांगतात, आणि तळाचे पंखे वारा व प्रवाह यांच्याशी झुंजत त्याला विहिरीच्या माथ्यावर धरून ठेवतात. जहाज फार सरकले, तर विहिरीपर्यंत गेलेला पोलादी नळ तुटू शकतो.

दुसरा प्रश्न दाबाचा. दर १० मीटर खोलीला एक वातावरण या हिशेबाने ३,००० मीटरवर पाण्याचाच दाब ३०० वातावरणांइतका होतो. भूगर्भातील तेल-वायूला दाबून धरण्यासाठी विहिरीत बराइट मिसळलेला जड चिखल फिरवतात. तो हलका पडला, तर वायू आत घुसतो. फार जड झाला, तर खडकच फुटतो आणि चिखल भेगांत जिरतो. खोल समुद्रात वरच्या भाराचा मोठा वाटा खडकाऐवजी पाण्याचा असतो. त्यामुळे खडक लवकर फुटतो आणि या दोन संकटांमधील वाट फार अरुंद होते. म्हणून थोडे खोदायचे, पोलादी नळ बसवायचा, त्याच्या पाठीमागे सिमेंट भरायचे, आणि मग त्यातून आणखी लहान छिद्र पुढे न्यायचे, असा क्रम असतो. विहिरीच्या तोंडावर शेकडो टनांचा ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवतात. प्रसंग पडल्यास नळ कापून विहीर बंद करणे हे त्याचे काम.

एवढी सिद्धता असूनही २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट झाला. आदल्याच वर्षी याच रिगने १०,६०० मीटरहून खोल विहीर घेतली होती. या खेपेस पाणी होते अवघे १,५०० मीटर. तळाच्या सिमेंटने विहीर बंद झाली नव्हती. दाबाच्या चाचणीत तो इशारा मिळाला होता. परंतु त्याचा वेगळाच अर्थ लावला गेला, आणि जड चिखल काढून हलके समुद्रजल भरण्यात आले. वायू उसळला. वाकलेला नळ प्रिव्हेंटरला नीट कापता आला नाही. ११ माणसे गेली, आणि तेलाचा लोट थांबायला ८७ दिवस लागले.

बंधुभगिनींनो, आमच्या मते खोल विहिरीचे सर्वांत अवघड काम यंत्राचे नसून मनुष्याच्या विवेकाचे आहे. काम रेंगाळलेले असते, खर्चाचा आकडा दिवसागणिक फुगत असतो. अशा वेळी न पटणाऱ्या एका आकड्यावर बोट ठेवून ‘थांबा’ म्हणायला धैर्य लागते. ते धैर्य सर्वांत कनिष्ठ कामगारालाही दाखवता आले पाहिजे, आणि वरिष्ठांनी त्याचे ऐकले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी घरापासून दूर, जोखमीच्या कामावर असेल. ‘काम लांबले, या दिवाळीला येणे होत नाही,’ असा निरोप आला, तर रुष्ट होऊ नका. कदाचित तेथे कोणीतरी ‘थांबा’ म्हटले असेल, आणि म्हणूनच तो पुढच्या दिवाळीला सुखरूप घरी येणार असेल.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.