पणजोबांचं नाव रामकुंडावर



दीपनगरच्या वसाहतीत माणसं आली ती औष्णिक वीज केंद्राच्या नोकरीसाठी,
गावोगावहून.
इथल्या मुलांना पणजोबांचं नाव विचारा.
बरीच गप्प बसतील!

ते नाव कदाचित नाशिकला सापडेल.

गोदाकाठी, रामकुंडावर,
तीर्थोपाध्यायांकडे जुन्या वह्या असतात.
नामावळी म्हणतात त्यांना.
अस्थी घेऊन, श्राद्धाला, सिंहस्थाला माणूस यायचा.
आपलं नाव सांगायचा. भावांची, मुलांची सांगायचा.
उपाध्ये लिहून घ्यायचे.
पुढची पिढी आली, की नवी नावं जोडली जायची.
जुनी पानं बहुधा मोडी लिपीत.
ती उपाध्यांनाच वाचू द्या.

जाताना दोन गोष्टी पक्क्या हव्यात.
मूळ गाव आणि आडनाव.
दीपनगर सांगून भागणार नाही.
आजोबा जिथून निघाले, ते गाव सांगा.
आजीच्या माहेरची बाजू हवी?
मग तिच्या माहेरचं गाव, तिच्या माहेरचं आडनाव.
पुन्हा सांगते, मूळ गाव आणि आडनाव.

तिथे नोंद नाही मिळाली,
तर मूळ गावाच्या तहसील कचेरीत अर्ज करा.
कोतवाल बुकाची नक्कल मागा.
गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिलेले असतात.