कारागृहातील स्त्रिया आणि आपण



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी तुरुंगाचा विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु महाराष्ट्राला तुरुंग परका नाही. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली; आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. तुरुंग म्हटला की ही तेजस्वी चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या तुरुंगाविषयी बोलणार आहे, तो या चित्रांत नाही. तिथल्या बाईला पुष्कळदा सहीही करता येत नाही, आणि ती सुटते त्या दिवशी हार घेऊन दाराशी कोणी उभे नसते.

प्रथम आकडे पाहू. २०२२ सालच्या अखेरीस देशातील कारागृहांत एकूण ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२. म्हणजे शंभरात चार. हे प्रमाण ऐकून आपल्याला बरे वाटते. परंतु या अल्पसंख्येतच त्यांच्या दुःखाचे मूळ आहे, असे माझे म्हणणे आहे. जिथे शंभरात शहाण्णव पुरुष, तिथे भिंतीची उंची, कामाचे कारखाने, दवाखाना, शिधा, पहारा, सारे पुरुषांच्या मापाने बेतले जाणार. उरलेल्या चौघींना कोपऱ्यातली एक बराक मिळते.

कायद्याने या स्त्रियांचा विचार केलाच नाही असे नव्हे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने स्त्रियांना पुरुषांपासून वेगळे ठेवावे, दृष्टादृष्टही होऊ नये, असे बजावले होते. परंतु वेगळी भिंत बांधणे आणि वेगळा विचार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिंतीने अब्रूचे रक्षण होते. आयुष्याची घडी भिंतीने बसत नाही.

हा फरक एका इंग्रज बाईने दोनशे वर्षांपूर्वी ओळखला. एलिझाबेथ फ्राय १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेली, तेव्हा बायका आणि मुले एकत्र कोंबलेली तिने पाहिली. पुढे १८१७ मध्ये तिने मंडळ स्थापले, मुलांसाठी शाळा काढली, बायकांच्या हाती शिवणकाम दिले. विशेष हे की, वागणुकीचे नियम तिने वरून लादले नाहीत. एकेक नियम वाचून त्या कैदी बायकांचीच मते घेतली. स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात १८२३ साली आले.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयाच्या दारी नेला तोही एका स्त्रीने. शीला बर्से या पत्रकार भगिनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्रियांशी बोलल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आदेश दिले: स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, तिथे स्त्री-पोलिसांचाच पहारा असावा, आणि अटक होताच कायदेशीर मदत मिळावी. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९८७ मध्ये स्त्री-बंद्यांचा देशव्यापी अहवाल दिला.

आता व्यवस्थेतील खरा पेच पाहा. स्त्रियांसाठी स्वतंत्र कारागृहे बांधावीत, हा उपाय सहज सुचतो. तिथे स्त्री-डॉक्टर, शाळा, उद्योग, सर्व काही नीट करता येते. परंतु अशी कारागृहे थोडीच असणार. मग सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या बाईला घरापासून दोन-तीनशे किलोमीटरांवर ठेवावे लागते. तिच्या मुलाखतीला कोण येणार? एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन एस्. ट्या बदलून येणारा नवरा क्वचित. उलट, तिला जिल्ह्याच्याच कारागृहात ठेवावी, तर तिथे स्त्रिया असतात जेमतेम दहा-बारा. त्यांच्यासाठी शिक्षिका नाही, कारखाना नाही, कित्येकदा स्त्री-डॉक्टरही नाही. एकीकडे सोय आहे पण माणसे नाहीत. दुसरीकडे माणसे जवळ आहेत पण सोय नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली स्त्री-बंद्यांसाठी जे सत्तर नियम संमत केले, त्यांना बँकॉक नियम म्हणतात. त्यांचा कौल घराजवळ ठेवण्याकडे आहे. मलाही तेच पटते. बाईला सोयीकडे नेण्याऐवजी सोय बाईकडे न्यावी. शिक्षिका, डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, वकील यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे. कारागृह हलत नाही; माणसे हलू शकतात.

दुसरी गोष्ट कामाची. स्त्रियांना शिवण, भरतकाम, पापड, मसाले एवढेच शिकवण्याची आपली जुनी खोड आहे. ही कामे हलकी नव्हेत. पण सुटून आल्यावर जिला घर आत घेत नाही, तिचे पोट पापडावर भरेल काय? तेव्हा पुढे पगार मिळेल असेच काम तिला शिकवले पाहिजे. आणि कारागृहातील चारांपैकी तीन बंदी कच्चे कैदी असतात, हेही विसरू नये. महिनाभरात सुटेल की तीन वर्षे राहील, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. त्यांच्यासाठी सहा-सहा आठवड्यांत पुरे होणारे शिक्षणच उपयोगी.

तिसरी गोष्ट मुलांची. २०२२ च्या अखेरीस १,७६४ मुले आईबरोबर कारागृहात होती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले की, सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकेल, त्याला कैदी समजता कामा नये, त्याच्यासाठी पाळणाघर आणि बालवाडी असावी, आणि जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येऊ नये. परंतु सहावे वर्ष उलटते त्या दिवशी त्या आईचे काय होते? बाहेर वाढणाऱ्या मुलांना आईबापांच्या कुशीत शिरता यावे म्हणून आपल्या राज्यातील कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम होतो. जाळीतून बोट लावण्यापेक्षा त्या मिठीने अधिक सुधारणा होत असेल, असे मला वाटते.

जे स्त्रियांचे, तेच इतर अल्पसंख्य बंद्यांचे. म्हाताऱ्याला बराकीतली जागा उंचीवर मिळते. मनोरुग्णाचा आक्रोश बेशिस्त ठरतो. तृतीयपंथी बंद्याला कुठल्या बराकीत ठेवावे हेच कळत नाही. प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहात मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्र हवे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले. तृतीयपंथीयांविषयी केंद्रीय गृहखात्याने २०२२ मध्ये सूचना दिल्या. कागद चांगले आहेत; ते बराकीपर्यंत पोहोचायला हवेत.

आणि हे पोहोचवणार कोण? इथे मी आपल्याकडे वळतो. स्त्रीला जामीन देताना सवलत असावी, हे तत्त्व आपल्या फौजदारी कायद्यात पूर्वीपासून आहे. परंतु जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून बाई आत राहते. पुरुष पकडला गेला तर बायको गळ्यातले मोडून वकील करते. बायको पकडली गेली तर घर तिचे नाव टाकते. हा दोष अधीक्षकाचा नव्हे, कायद्याचाही नव्हे. तो आपला आहे.

म्हणून आपल्याला मोठे काही करायला मी सांगत नाही. सेवाभावी मंडळींना कारागृहात शिकवता येते, तिथे जा. सुटून आलेल्या बाईला कामावर ठेवायचा प्रश्न आला तर तिचा पूर्वेतिहास विचारण्याआधी तिचे काम पाहा. न्यायालयाने दिलेली शिक्षा मुदतीची असते, ती संपते. आपण दिलेली शिक्षा मात्र जन्मठेपेची असते, आणि तिला माफीचा एक दिवसही मिळत नाही. ती शिक्षा कमी करण्याचा अधिकार आपल्याच हाती आहे.