टूलबार की कळफलक?



महोत्सवी व्याख्यानमालेत संगणकावर बोलावे असा आग्रह झाला, तेव्हा विषयाची निवड करण्यास आम्हांस फार वेळ लागला नाही. आपल्या कचेरीत पावत्या करणारे तरुण आणि सभासदांची यादी जुळविणारी वडीलधारी मंडळी यांच्यात एक वाद नेहमीच झडतो. टूलबारवरील चित्रावर बाण नेऊन टिचकी मारावी, की 'कंट्रोल'सह एखादी कळ दाबून मोकळे व्हावे? तरुण म्हणतात, माऊसला हात लावणे म्हणजे वेळेचा अपव्यय. वडीलधारे विचारतात, डोळ्यांसमोर दिसते ते सोडून पाठांतर कशाला?

वस्तुतः हा भाऊबंदकीचा वाद मागाहूनचा आहे. डग्लस एंगेलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाती माऊस होता आणि डाव्या हाताशी पाच कळींचा एक छोटा संच! पुढे अॅपलच्या १९८३ सालच्या लिसा यंत्रावर कापणे, नक्कल करणे व चिकटविणे यांसाठी एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा आल्या. 'पेस्ट'चे आद्याक्षर व्ही नव्हे. ती कळ सीच्या शेजारी आहे, एवढेच. मराठी इनस्क्रिप्टमध्ये त्याच सीवर 'म' आणि व्हीवर 'न' उमटतो, तरी कंट्रोलसह त्यांचे काम बदलत नाही. तेव्हा अक्षर नव्हे, जागा ध्यानात ठेवावी.

टूलबारची बाजू लंगडी आहे असे मात्र कोणी समजू नये. वर्षातून एकदा वार्षिक सभेच्या निमंत्रणांचे पत्ते छापावयाचे, त्यासाठी कळा पाठ करणे हा शुद्ध वेडेपणा. चित्र नवख्याला निदान सांगते की असे काही करता येते. कळ मुकी असते. तथापि चित्रांची जागा दुसऱ्याच्या हाती. २००७च्या ऑफिसमध्ये जुने टूलबार जाऊन 'रिबन' आली आणि जागेवरून चित्र ओळखणारे सारे पुन्हा शोधू लागले. कंट्रोल-सी होते तेथेच राहिले.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की वर्षानुवर्षे वर्ड वापरणारेही, कळांचा मार्ग जलद असता, टूलबारवरच थांबतात. नुसत्या सरावाने माणूस कळांकडे वळत नाही. त्याच संशोधकांना असेही दिसले की ज्यांच्यासोबत काम करणारे कळा वापरतात, ते स्वतःही अधिक वापरतात. आम्हांस यात आश्चर्य वाटले नाही. मोदक वळणेही असेच शेजारी बसून येते.

एका वर्गासाठी मात्र येथे निवडच नाही. अंध व्यक्तीला पडद्यावरचा बाण दिसत नाही. पडदा वाचून दाखविणारी एनव्हीडीएसारखी विनामूल्य प्रणाली असली तरी सारा संचार कळांवरूनच करावा लागतो. आपल्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा, आणि त्यातील 'पाठवा' हे बटण केवळ माऊसने दाबता येत असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आपण दारच लावून घेतले.

म्हणून आमची सूचना अशी: नव्या स्वयंसेवकास प्रथम टूलबार दाखवावा, रोज ज्या पाचसहा गोष्टी कराव्या लागतात त्यांच्या कळा जाणत्याने आठवडाभर शेजारी बसून शिकवाव्यात, बाकी सोडून द्यावे. आणि अर्ज संकेतस्थळावर घालण्यापूर्वी विश्वस्तांपैकी एकाने माऊस बाजूला ठेवून, केवळ टॅब व एंटर यांच्या साहाय्याने, तो शेवटपर्यंत भरून पाहावा.