ग्लास उलटा करून पाहा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोल." मी हो म्हटलं, आणि आज बोलणार आहे काचेच्या ग्लासांबद्दल. रागावू नका. नोकरीत वीस वर्षं जे शिकले, त्याचा घरात खरा उपयोग झाला तो या सहा ग्लासांवरच.

माझं घर चामटोलीचं. आजीच्या कपाटात सहा ग्लास होते. लाल फुलं, हिरवी पानं, वर सोनेरी कड. दिवाळीला आणि पाहुणे आले की बाहेर निघायचे, आम्हा मुलांना हात लावायची बंदी. घरात सांगितलं जायचं की आजोबा अंबरनाथला विमकोत होते, तिथल्या साहेबाने स्वीडनहून आणून दिलेले हे ग्लास. गोष्ट पटण्यासारखी होती. विमको हा काडेपेटीचा कारखाना स्वीडिश कंपनीनेच काढलेला, आणि स्वीडनची काचही जगात नावाजलेली.

आजी गेली आणि वाटण्या झाल्या. तीन ग्लास काकांकडे, तीन आमच्याकडे. आत्याला काही नाही. "आजोबांच्या नोकरीचा मान आहे तो, मुलांकडेच राहायला हवा," असं ठरलं. पुढे कुणीतरी काकांना सांगितलं की विलायती ग्लासांचा सहाचा पूर्ण संच असेल तर चांगली किंमत येते. काकांनी आमचे तीन मागितले, बाबांनी नाही म्हटलं. एका गणपतीत दोन भाऊ एकाच मांडवात बसून बोलले नाहीत. तेव्हा मी म्हटलं, आधी हे ग्लास कुठले ते तरी बघू.

सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधताना पहिला नियम असा, की लोक काय सांगतात ते एका बाजूला लिहायचं आणि डोळ्यांना काय दिसतं ते दुसऱ्या बाजूला. "साहेबाने दिले" हे पहिल्या रकान्यात गेलं. दुसरा रकाना रिकामा होता. तो कसा भरला ते सांगते, कारण तुमच्याही घरी असे ग्लास असणार.

आधी कड आणि अंग बघायचं. साच्यात केलेल्या ग्लासाला बहुधा उभी बारीक रेघ असते, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. नखाला लागते. सळईवर धरून हाताने घडवलेल्या ग्लासाच्या बुडाला सळई तोडल्याचा व्रण राहतो, किंवा तो घासून गुळगुळीत केलेला असतो. आमच्या ग्लासांना सांध्याची रेघ होती, म्हणजे कारखान्याचा माल.

मग नक्षी. हाताने रंगवलेली दोन फुलं कधी तंतोतंत सारखी नसतात, ब्रशचा फटकारा दिसतो. आमची सहाही सारखी होती, आणि लाल रंग बाह्यरेषेबाहेर सगळीकडे एकाच बाजूला किंचित सरकलेला. म्हणजे जाळीच्या छपाईने एकेक रंग वेगळा उमटवून मग भट्टीत भाजलेला. बोटाला तो रंग उंचावलेला लागतो.

यावर बाबा म्हणाले, "स्वीडनचे नसतील तर तळेगावचे असतील." त्यांची आशा समजण्यासारखी होती. एकेक पैसा वर्गणी जमवून पैसा फंडाने १९०८ साली तळेगावला काच कारखाना काढला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, तिथला प्रभाकर कंदील आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आजोळी असेल. मराठी माणसाला काच म्हटलं की ही दोनच नावं आठवतात.

शेवटी बूड. इतकी वर्षं ग्लास उलटा करून कुणी पाहिलाच नव्हता. झिजलेल्या बुडावर मी चिमूटभर तांदळाचं पीठ चोळलं आणि मोबाईलची बॅटरी आडवी धरली. चार रोमन अक्षरं उठून दिसली: येरा. शेजारी एक आकडा. येरा म्हणजे वडोदऱ्याच्या अलेंबिकचा काच कारखाना. स्वीडन नाही, तळेगाव नाही, गुजरात. आकड्यावरून काकांना वाटलं सापडलं साल. पण असा आकडा बहुधा साच्याचा नंबर असतो. फ्रान्समध्ये ड्युरालेक्सच्या ग्लासाखाली असाच आकडा असतो, आणि तिथली शाळकरी मुलं जेवताना ग्लास उलटा करून "तुझं वय किती" असा खेळ खेळतात. आपल्या डब्याच्या सुट्टीत तो खेळ चालला असता.

एक सावधगिरी मात्र ठेवा. बूड फक्त काचेचं गाव सांगतं. कोरे ग्लास घेऊन त्यावर नक्षी दुसरीकडेच छापायची पद्धत या धंद्यात जुनी आहे. आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवर तर मुळीच विसंबू नका. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकतच आपण मोठे झालो. साच्यात कोरलेलं अक्षर सहसा बदलता येत नाही, चिठ्ठी कुणीही लावू शकतो.

आता माझ्यापुढे प्रश्न होता: साहेबाने वडोदऱ्याचे ग्लास स्वीडनचे म्हणून कशाला दिले असते? मी आत्याकडे गेले. तिने ग्लास हातात घेतला आणि हसली. "हे आईने कॅम्पातून आणले." कॅम्प म्हणजे उल्हासनगर. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी आपल्याकडची जुनी माणसं कॅम्पच म्हणतात. आजी जांभळाच्या हंगामात टोपली घेऊन बदलापूरहून लोकलने तिथे विकायला जायची. आत्या तेव्हा सातवी-आठवीत. दुसरी टोपली तिच्या डोक्यावर. एका सिंधी दुकानदाराने हे ग्लास बाजूला ठेवले, आजीने दोन हंगामांत पैसे फेडले आणि मग सहाही एकदम घरी आणले.

पण जांभळाच्या पैशाचे ग्लास घेतले म्हटलं असतं तर पणजीने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून आजोबाच म्हणाले, "साहेबाने दिले असं सांग." ते वाक्य इतकं टिकलं की शेवटी त्यावर वाटणी झाली.

मी विचारलं, "आत्या, वाटणीच्या वेळी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं."

मी हे काकांना आणि बाबांना एकत्र बसवून सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका आत गेले आणि कागदात गुंडाळून तीन ग्लास घेऊन आले. आज सहाही ग्लास आत्याच्या घरी आहेत. बाजारात त्यांची किंमत फारशी नाही, त्यामुळे विकायचा विषयही संपला.

त्यातून आम्ही काही पीत मात्र नाही. अशा भाजलेल्या रंगांत पूर्वी शिसं आणि कॅडमियम सर्रास असे. २०१७ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने नक्षीदार ग्लास तपासले, तेव्हा बऱ्याच ग्लासांच्या रंगात हे दोन्ही सापडले, काहींच्या तर काठालगत. म्हणून रंग सुटत असलेला किंवा काठावर नक्षी असलेला जुना ग्लास शोभेला ठेवा. त्यात मुलांना लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत देऊ नका, आंबट पदार्थाने ते धातू जास्त सुटतात.

इथून घरी गेलात की एवढं करा. कपाटातली जुनी वस्तू उलटी करून बघा. मग घरातल्या ज्या माणसाला आजवर कुणी काही विचारलं नाही, त्याला विचारा, आणि उशीर करू नका. जे कळेल ते कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवा: कुणी आणली, कुठून आणली, कुणाच्या पैशाने आणली. आमच्या ग्लासांत आता अशी चिठ्ठी आहे. अक्षर आत्याचं आहे.

सर, बाई, तुम्ही वर्गात म्हणायचात, उत्तर कुठून आलं ते दाखव, नाहीतर मार्क नाहीत. तेच करून बघितलं.